ताणकाटा

थॉर्नबेकमध्ये दुकानं तीन, चर्चं दीड,
अर्ध्याचं छप्पर उडालेलं,
आणि आर्थर ओल्डरॉइड एक.
कोळशाच्या वखारीतला जुना कारकून.
वखार बंद पडली तेव्हा पगाराऐवजी
ताणकाटा मागून घेतला, म्हणे.

कोटाच्या आत, जिथे इतरांचं घड्याळ असतं,
तिथे तो पितळी ताणकाटा लोंबायचा.
दिसेल ते आकड्याला अडकवायचा:
कोबी, हरवलेला बूट, पोस्टमनची थैली,
ओढ्यातला दगड, पावसाआधी आणि पावसानंतर,
मिसेस प्लॅटचं मांजर, तिच्या परवानगीने,
मांजराच्या नाही.
मग कानामागची पेन्सिल, मग वही.
पौंड, औंस, तारीख, वारा कुठून.

सरकारने किलो आणले त्या वर्षी म्हणाला,
आणू देत.
माझ्या वहीत जागा नाही.

आम्ही नवे. बाबा गावचे डॉक्टर,
आई गावातली एकुलती एक साडी.
पहिल्याच आठवड्यात तो दारात उभा.
आजारी नव्हता,
दवाखान्याचा काटा खरा आहे का ते बघायचं होतं.
नव्हता. दीड पौंडाने खोटा निघाला.
बाबांनी तो दुरुस्त करून घेतला
आणि गावात आमच्या शब्दाला
थोडं वजन आलं.

ब्रॅडफर्डहून आणलेला नारळ आईने त्याच्या हातात दिला.
त्याने कानाशी हलवून पाहिला, टांगला,
फोडल्यावर पाण्याचं वेगळं, करवंटीचं वेगळं,
खोबऱ्याचं वेगळं. बेरीज जुळेना.
दोनदा केली, तीनदा केली,
शेवटी आईच म्हणाली, एक तुकडा तू खाल्लास की रे.
मराठीतच म्हणाली.
त्याला कळलं.

माझ्या वाढदिवसाला तो वखारीचं कुलूप काढायचा.
आत मोठी तागडी होती, कोळशाने काळी.
एका पारड्यात वर्तमानपत्र घालून मी,
दुसऱ्यात त्याच्या परसातले बटाटे.
लेकीची तुळा करतोय गं बाई माझ्या, आई म्हणायची,
सोनं नाही तर नाही.
बटाटे मग घरोघर वाटले जायचे.
नवव्या वर्षी मी गोवरातून उठलेली,
तोळामासा झालेली.
त्याने हळूच
माझ्या पारड्यावर अंगठा ठेवला.
मी पाहिलं. मी बोलले नाही.
त्यानेही वहीत लिहिलं तेच, जे काट्याने सांगितलं.

साताऱ्याहून निळं पत्र आलं, आजोबा गेल्याचं.
पोचायला अकरा दिवस लागले होते,
म्हणजे अकरा दिवस आम्ही हसलो-जेवलो होतो.
आई ते घेऊन पायरीवर बसलेली.
त्याने टोपी काढली, हात पुढे केला,
पत्र आकड्याला लावलं.
काटा हलला नाही.
बराच वेळ बघत राहिला,
काचेवर टिचकी मारली, मग म्हणाला,
हा बिघडलाय, मिसेस निमकर.
वही उघडली नाही.

तो गेला तेव्हा मी लीड्सला, परीक्षेत.
खांदा द्यायला सहाजणांत बाबा होते.
रात्री फोनवर म्हणाले, सगळ्यांना हलका लागला.
मी गप्प बसलो.
नऊ स्टोन चार.
गेल्या मंगळवारी स्वतःच वाचून दाखवलं होतं मला.
वह्यांचं विचारलं तर म्हणाले,
हलहून कोणी भाचा आला होता,
त्याच्याकडे छोटी गाडी होती.

आता माझ्या ओट्यावर काचेचा सपाट काटा आहे.
भांडं ठेवा, बटण दाबा, शून्य.
भांडं नव्हतंच असं समजा आणि पीठ घाला.
मी ते बटण दाबत नाही.
वजाबाकी तोंडी करते,
पौंड-औंसांत,
आणि चुकते बऱ्याचदा.
एखादी पोळी जास्त होते.